तबकडीवरचा तह

लढाई जिंकली की तिची आठवण धातूवर कोरून ठेवायची, ही चाल फार जुनी आहे. ४ मे १७९९ रोजी इंग्रजांनी श्रीरंगपट्टण घेतले, टिपू सुलतान त्याच दिवशी मारला गेला, आणि ईस्ट इंडिया कंपनीने या विजयाचे पदक बर्मिंगहॅमजवळच्या सोहो टांकसाळीत पाडून घेतले. पदकाची आखणी क्युख्लर या जर्मन कारागिराची. सेनापतींना ते सोन्याचे मिळाले, साध्या शिपायांना कथलाचे. एका बाजूला इंग्रजी सिंहाने टिपूच्या वाघाला लोळवलेले दाखवले आहे. दुसऱ्या बाजूला तटाच्या खिंडारावरचा हल्ला आहे आणि वर माथ्यावर आलेला सूर्य. हा सूर्य शोभेसाठी काढलेला नाही. हल्ला भर दुपारी झाला, एवढे सांगण्यासाठी तो तिथे मुद्दाम बसवला आहे.

पदकात लढाईची वेळ अशी कायमची थांबवता येते, कारण पदकाला दुसरे काही काम नसते. घड्याळाचे तसे नाही. त्याला आत्ताची वेळ दाखवावी लागते, आणि स्मारक म्हणून घडवले असेल तर एक गेलेली वेळही सांभाळावी लागते. शिवाय लढाईबरोबर तहाचाही मान राखायचा, तर रचनाकाराला दोन परस्परविरोधी गोष्टी रुपयाच्या नाण्यापेक्षा फार मोठ्या नसलेल्या तबकडीत मांडाव्या लागतात. विसाव्या शतकात हे काम बऱ्याच जणांनी करून पाहिले. त्यात कोण यशस्वी झाले आणि कोण नुसतेच चित्र काढून थांबले, हे पाहण्यासाठी आधी लढाईला मिनिट कधी आले ते पाहिले पाहिजे.

जुन्या लढायांना मिनिट नव्हतेच. पानिपतची हकिकत सांगणाऱ्या बखरींत वेळ येते ती प्रहर आणि घटकांची. युरोपात तोवर खिशातली घड्याळे आली होती, पण त्यामुळे फार फरक पडला नव्हता. १८ जून १८१५ ची वॉटर्लूची लढाई किती वाजता सुरू झाली, यावर आजही एकमत नाही. वेलिंग्टनने आपल्या खलित्यात साधारण दहा वाजता म्हटले आहे, तर इतरांच्या नोंदी साडेअकरा ते बाराच्या दरम्यानच्या आहेत. प्रत्येक अधिकाऱ्याचे घड्याळ आपापल्या गावच्या सूर्यावर लावलेले असे आणि सगळ्यांनी मिळून ते जुळवण्याची कोणाला गरज वाटत नसे. सारख्या वेळेची सक्ती पुढे आगगाडीने आणली आणि तोफखान्याने ती रणांगणावर नेली.

एकोणिसाव्या शतकात मनगटावरचे घड्याळ हा बायकांचा दागिना मानला जाई. पुरुषाचे घड्याळ जाकिटाच्या खिशात, साखळीला बांधलेले. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९-१९०२) इंग्रज अधिकाऱ्यांनी खिशातली घड्याळे चामड्याच्या वाटीत बसवून मनगटाला बांधली, कारण घोड्यावर लगाम आणि बंदूक सांभाळताना खिशात हात घालणे जमत नव्हते. पहिल्या महायुद्धाने ही सोय गरजेत बदलली. १० मार्च १९१५ रोजी न्यव्ह शापेल इथे, जिथे हिंदी सैन्यदलाच्या पलटणीही हल्ल्यात होत्या, तोफांचा मारा साडेसातला सुरू करून पस्तीस मिनिटे चालवायचा आणि बरोबर ८ वाजून ५ मिनिटांनी पायदळाने पुढे सरायचे, असे वेळापत्रकच आखलेले होते. पुढे सरकत्या माऱ्याची पद्धत आली. तोफगोळ्यांचा पडदा ठरावीक मिनिटांनी पुढे सरके आणि पायदळाने त्याच्या मागोमाग चालायचे असे. घड्याळ दोन मिनिटे पुढे असले तर माणसे आपल्याच तोफांखाली सापडत, मागे असले तर शत्रूला बंदुका सावरायला वेळ मिळे.

१ जुलै १९१६ ला सोमची लढाई सुरू झाली ती सकाळी साडेसातला. हॉथॉर्नच्या टेकडीखालचा सुरुंग मात्र दहा मिनिटे आधी, ७ वाजून २० मिनिटांनी उडवण्यात आला. त्या दहा मिनिटांत जर्मन सैनिक सावध झाले. त्या एका दिवसात ब्रिटिश बाजूची ५७,४७० माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्यांतले १९,२४० मृत होते. याच वर्षी लंडनमध्ये अधिकाऱ्यांसाठी छापलेल्या एका हस्तपुस्तिकेत आघाडीवर न्यायच्या सामानाची यादी आहे. तिच्यात सगळ्यात वर नाव आहे ते अंधारात दिसणाऱ्या आणि न फुटणाऱ्या काचेच्या मनगटी घड्याळाचे. पिस्तूल नंतर येते.

या खंदकातल्या घड्याळाचे रूप पुढच्या सगळ्या स्मारक-घड्याळांना पायाभूत ठरले, म्हणून ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे. गोल चांदीची किंवा निकेलची केस आणि तिला दोन्ही बाजूंना डाग देऊन लावलेल्या तारेच्या कड्या, पट्टा ओवण्यासाठी. तबकडी पांढऱ्या मिन्याची किंवा काळी. आकडे ठळक आणि पोकळ, त्यांच्या पोटात रेडियमचा रंग भरलेला. काटेही तसेच पोकळ. सेकंदाचा छोटा काटा खाली सहाच्या जागी, स्वतःच्या लहान वर्तुळात. काचेवर कधी जाळीदार झाकण, गोळ्यांच्या ठिकऱ्यांपासून बचावासाठी. पांढऱ्या तबकडीवर बाकी सगळे आकडे काळे असले तरी बाराचा आकडा पुष्कळदा लाल असे, कारण मनगट वाकडेतिकडे असताना वर कुठे आणि खाली कुठे हे क्षणात कळले पाहिजे. रेडियमचा रंग भरणाऱ्या अमेरिकेतल्या कारखान्यांत तरुण मुली ब्रशाचे टोक ओठांनी ओले करून बारीक करत. त्यांतल्या अनेकींचे जबडे पुढे झडले, काही मरण पावल्या आणि त्यांनी मालकांवर भरलेले खटले कामगार कायद्याच्या इतिहासात गाजले. युद्धाच्या बळींत त्यांची गणती कोणी केली नाही.

मुंबईचाही या गोष्टीशी धागा आहे. वेस्ट एंड वॉच कंपनी ही स्वित्झर्लंडमधल्या सँतिमिये गावची, पण तिची बाजारपेठ हिंदुस्थानात होती आणि तिच्या तबकडीवर कंपनीच्या नावाखाली ‘बॉम्बे – कलकत्ता’ असे छापलेले असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात तिने ‘सोवार’ नावाचे घड्याळ काढले, म्हणजे आपला घोडेस्वार. मराठा पलटणी त्या वेळी मेसोपोटेमियात लढत होत्या. वाळू, ऊन आणि घाम सोसणारे म्हणून सोवार हिंदी फौजेत आणि पुढे अरबी मुलखात चांगलेच रुळले. हे घड्याळ कोणत्याही एका लढाईचे स्मारक नव्हते, तरी सैनिकाच्या नावाने विकल्या गेलेल्या पहिल्या घड्याळांत त्याची गणना करायला हरकत नाही.

स्मारकाचे काम त्या काळात रचनाकाराने नव्हे, सैनिकानेच केले. घड्याळाच्या मागच्या झाकणावर तो आपले नाव, पलटण, लढलेल्या ठिकाणांची नावे आणि सन कोरून घेई. परतलेल्यांना गावाने वर्गणी काढून घड्याळ भेट दिल्याची उदाहरणे इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पुष्कळ आहेत. त्यांच्याही पाठीवर असाच मजकूर असतो. समोरची बाजू जगासाठी आणि मागची, मनगटाला चिकटलेली, फक्त घालणाऱ्यासाठी, ही विभागणी तेव्हा आपोआप झाली. पुढच्या शंभर वर्षांत तिच्यापेक्षा चांगली युक्ती फारशी कोणाला सुचलेली दिसत नाही.

शांततेलाही याच युद्धाने मिनिट दिले. ११ नोव्हेंबर १९१८ रोजी काँपिएन्यच्या जंगलात, दोस्त सैन्याचा सरसेनापती फॉश याच्या रेल्वेच्या डब्यात, युद्धबंदीवर सह्या झाल्या तेव्हा पहाटेचे पाच वाजून दहा-वीस मिनिटे झाली होती. कागदावर मात्र पाच ही वेळ धरली गेली, कारण सह्यांनंतर सहा तासांनी तोफा थांबतील असे कलम होते आणि अकरा हा आकडा साधायचा होता. अकरा वाजले ते फ्रेंच आणि इंग्रज घड्याळांत. जर्मन घड्याळे तासाने पुढे असल्याने त्यांच्या मनगटावर बारा वाजत होते. युद्ध संपणार हे ठाऊक असूनही त्या सहा तासांत लढाई चालू राहिली. अमेरिकन सैनिक हेन्री गुंथर १० वाजून ५९ मिनिटांनी मारला गेला. पुढच्या वर्षापासून याच दिवशी अकराच्या ठोक्याला दोन मिनिटे स्तब्ध उभे राहण्याची प्रथा ब्रिटिश साम्राज्यात सुरू झाली. खरा तह व्हर्सायला २८ जून १९१९ ला झाला, पण तो किती वाजता झाला हे कोणी लक्षात ठेवले नाही. लोकांना तहाची कलमे नव्हे, गोळीबार थांबल्याचा क्षण आठवतो. स्मारक-घड्याळ करणाऱ्याला ही गोष्ट सोयीची आहे, कारण क्षण दाखवणे हेच घड्याळाचे काम.

याच युद्धातून पॅरिसच्या कार्टिए पेढीचे ‘टँक’ निघाले. लुई कार्टिएने त्याची आखणी १९१७ मध्ये केली. रणगाडा वरून पाहिला तर मध्ये माणसांची चौकोनी पेटी आणि दोन्ही बाजूंना लांबलचक पट्टे दिसतात. घड्याळातही मध्ये चौकोनी तबकडी आणि दोन्ही कडांना वरखाली पुढे आलेले दोन सरळ दांडे. हेच दांडे पुढे चामड्याच्या पट्ट्याला धरतात, त्यामुळे वेगळ्या कड्या डाग देऊन लावाव्या लागत नाहीत. रोमन आकडे, त्यांच्या आत रुळांसारखी मिनिटांची चौकट, निळे केलेले पोलादी काटे आणि चावीच्या टोकावर नीलमणी. पहिला नमुना अमेरिकन सेनापती पर्शिंग याला दिला, असे सांगतात. विक्रीला पहिली सहा घड्याळे आली ती १९१९ च्या अखेरीस, म्हणजे युद्ध संपून वर्ष झाल्यावर.

घड्याळाचा आकार फ्रेंच रेनो एफटी रणगाड्यावरून घेतला, ही पेढीची कथा आहे आणि ती जराशी चाळून घेतलेली बरी. रेनो एफटी प्रथम लढाईत उतरला तो ३१ मे १९१८ ला, आखणीनंतर. सप्टेंबर १९१६ मध्ये सोमवर दिसलेले ब्रिटिश रणगाडे तिरक्या चौकोनाचे होते. रणगाडा मात्र त्या काळी वर्तमानपत्रांचा विषय होता आणि नवलाईच्या वस्तूचे नाव विकाऊ मालाला द्यायला पेढीवाले तेव्हाही मागे नव्हते. कथा कितपत खरी हा प्रश्न बाजूला ठेवला तरी रचनेचे श्रेय कमी होत नाही. या घड्याळावर तोफ नाही, तारीख नाही, मृतांची नावे नाहीत. युद्धयंत्राची नुसती बाह्यरेषा घेऊन ती संध्याकाळच्या पोशाखात शोभेल अशी केली आहे. चिखलातल्या वस्तूचे मेजवानीत जाणे हीच त्यातली शांतता. टँक लावणाऱ्या बहुतेकांना आज रणगाडा आठवतही नाही. स्मारक म्हणून हे अपयश म्हणावे की यश, याचे उत्तर स्मारकाकडून आपण काय मागतो यावर ठरेल.

दुसरे महायुद्ध संपताना वेळेचा घोळ आणखी वाढला. जर्मनीच्या शरणागतीची अंमलबजावणी ८ मे १९४५ रोजी रात्री ११ वाजून १ मिनिटाने व्हायची होती, ती मध्य युरोपच्या वेळेने. ब्रिटनमध्ये त्या वेळी घड्याळे दोन तास पुढे केलेली असल्याने तिथे मध्यरात्र उलटून एक मिनिट झाले होते, आणि मॉस्कोत १ वाजून १ मिनिट, तारीख ९ मे. म्हणून पश्चिमेत विजयदिन ८ मे आणि रशियात ९ मे. हिंदुस्थानातही युद्धासाठी १ सप्टेंबर १९४२ पासून घड्याळे प्रमाणवेळेच्या एक तास पुढे नेलेली होती. ती ऑक्टोबर १९४५ मध्ये परत मागे आली. मुंबईकरांना याची सवयच होती म्हणा. १९०६ मध्ये प्रमाणवेळ लागू झाल्यावरही शहराने आपली जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. थोडक्यात, शांततेचा एकच क्षण तबकडीवर मांडायचा तर आधी तो कोणाच्या घड्याळातला हे ठरवावे लागणार होते.

जिनिव्हात याला एक देखणे उत्तर मिळाले. तिथल्या काही प्रतिष्ठित नागरिकांनी युद्ध जिंकणाऱ्या चार नेत्यांसाठी, म्हणजे चर्चिल, द गॉल, स्टालिन आणि ट्रुमन यांच्यासाठी, चार खिशातली घड्याळे करवून घेतली. बनवणारी पेढी अगासिझ आणि आतले यंत्र लुई कॉतिए याचे. कॉतिए कारूज गावचा. १९३१ मध्ये त्याने सगळ्या जगाची वेळ एकाच तबकडीवर दाखवण्याची पद्धत बसवली होती. मध्ये नेहमीचे तास-मिनिट काटे. त्याभोवती चोवीस तासांचे कडे, दिवसातून एकदा फिरणारे. सगळ्यात बाहेर शहरांची नावे. कोणत्याही शहरासमोर आतल्या कड्यावर येणारा आकडा म्हणजे तिथली वेळ. चोवीस समान भागांच्या या मांडणीत भारताच्या अर्ध्या तासाच्या फरकाला नीट जागा मिळत नाही, ही उणीव खरी. पण विजयाचा क्षण लंडनला, मॉस्कोला आणि वॉशिंग्टनला एकाच वेळी वेगवेगळ्या तासांना आला, हे दुसऱ्या कोणत्याही स्मारकाने इतक्या सरळपणे सांगितलेले नाही. ज्या युद्धाला लोक महायुद्ध म्हणतात त्याची व्याप्ती दाखवायला नकाशा काढावा लागला नाही, यंत्राच्या रचनेनेच ते काम केले.

मागच्या झाकणावर मात्र कारागिरांना मोह आवरला नाही. चर्चिलच्या घड्याळावर मिन्यात संत जॉर्ज राक्षसी सर्पाला मारताना रंगवला आहे आणि त्याच्याभोवती विजयाचे इंग्रजी ‘व्ही’ अक्षर. मिनाकाम उत्तम आहे, कल्पना श्रीरंगपट्टणच्या सिंह-वाघाचीच. दीडशे वर्षांत चित्राची भाषा फारशी पुढे सरकली नव्हती. पुढे सरकले होते ते यंत्र. हे घड्याळ सप्टेंबर २०१५ मध्ये लंडनच्या सोदबीज लिलावात ४,८५,००० पौंडांना गेले.

चार नेत्यांची घड्याळे एकीकडे आणि लाखो मनगटांवरचे ‘पोबेदा’ दुसरीकडे. पोबेदा म्हणजे विजय. लढाईच्या स्मरणार्थ काढलेल्या घड्याळांत प्रसाराने याची बरोबरी करणारे दुसरे नाही, आणि त्याची कुळकथा त्याच्या नावाइतकी निव्वळ रशियन मुळीच नाही. मॉस्कोचा पहिला घड्याळ कारखाना १९३० मध्ये उभा राहिला तो अमेरिकेतल्या ओहायो राज्यात बंद पडलेल्या ड्यूबर-हॅम्पडन कंपनीची यंत्रे विकत घेऊन. मालगाडीचे अठ्ठावीस डबे भरून सामान आले आणि शिकवायला तिथले एकवीस जुने कामगार. १९३६ मध्ये फ्रान्सच्या बेझांसाँ गावातल्या लिप कंपनीशी करार झाला आणि पेन्झा इथे मनगटी घड्याळांचा कारखाना काढायचे ठरले. लिपचे आर-२६ नावाचे यंत्र, म्हणजे २६ मिलिमीटर व्यासाचे, रशियनांनी हळूहळू आपलेसे केले. ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन फौजा मॉस्कोच्या तोंडाशी आल्या तेव्हा पहिला कारखाना उरल पर्वताजवळच्या झ्लातोउस्तला आणि दुसरा कामा नदीकाठच्या चिस्तोपोलला हलवला गेला. युद्ध संपले तेव्हा या सगळ्या गावांत यंत्रे होती, हात तयार झालेले होते आणि देशाला सांगण्यासारखी एकच गोष्ट होती.

घड्याळाचे नाव आणि रूप स्टालिनने १९४५ च्या वसंतात स्वतः पसंत केले आणि विजयाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत ते बाजारात आणायचे ठरले, असा सोव्हिएत वृत्तान्त आहे. १९४६ मध्ये पोबेदा आले. त्याच वर्षी गोर्कीच्या कारखान्यातून याच नावाची मोटारही निघाली. घड्याळ साधे, चावीचे, पंधरा ज्वेलचे. सेकंदाचा काटा सहाच्या जागी, वेगळ्या लहान वर्तुळात. तबकडीवर बाराच्या खाली रशियन लिपीत एकच शब्द: पोबेदा. रणगाडा नाही, झेंडा नाही, सनही नाही. काही तबकड्यांवर बाराचा आकडा लाल आहे. सोमच्या खंदकांतल्या घड्याळांवर तो उपयोगासाठी लाल होता. इथे त्याला लाल सैन्याचा रंग मानायचा की जुन्या चालीचा अवशेष, हे पाहणाऱ्यावर सोडलेले आहे.

पोबेदाची खरी खुबी ते कोणासाठी केले यात आहे. पदक लढणाऱ्याला मिळते आणि सणावारी छातीवर लागते. हे घड्याळ कारखान्यातल्या बाईला, शाळामास्तरला, युद्धात मुलगा गमावलेल्या बापाला दुकानात विकत मिळत होते आणि रोज सकाळी किल्ली द्यावी लागत होती. विजयाचा उपयोग काय, तर कामावर वेळेत पोहोचणे. शांततेची याहून नेमकी व्याख्या त्या राजवटीच्या कोणत्याही भाषणात सापडणार नाही. मॉस्को, पेन्झा, पेत्रद्वोरेत्स, चिस्तोपोल अशा अनेक कारखान्यांनी एकाच नमुन्याची घड्याळे काढली. एकाचा भाग दुसऱ्याला बसे, त्यामुळे दुरुस्ती सोपी आणि घड्याळ दीर्घायुषी. यंत्राचा मूळ नमुना फ्रेंच असूनही कोणाला त्याचे काही वाटले नाही.

यात एक विसंगती आहे आणि ती नजरेआड करण्यासारखी नाही. विजयदिनाची सुटी स्टालिनच्याच सरकारने डिसेंबर १९४७ मध्ये रद्द केली. ९ मे हा १९६५ पर्यंत कामाचा दिवस होता. युद्धातून आलेल्या अपंगांकडे आणि विधवांकडे पाहायला सरकारला सवड नव्हती आणि सेनापतींचा गौरव फार वाढू द्यायचा नव्हता. या सगळ्या वर्षांत सणाचे नाव लोकांच्या मनगटावर मात्र राहिले. १९६५ नंतर सुटी परतली, संचलने सुरू झाली आणि दर दहा वर्षांनी जयंतीची घड्याळे निघू लागली. त्यांवर बुरूज, तारे, ‘विजयाची ४० वर्षे’ असे मजकूर, सगळे दाटीवाटीने आले. १९४६ च्या तबकडीशेजारी १९८५ ची तबकडी ठेवली की पहिलीतला संयम लगेच कळतो. आठवण जितकी दूर गेली तितके चित्र मोठे झाले.

रचनाकाराचा हात न लागलेली स्मारक-घड्याळेही याच युद्धाने मागे ठेवली. हिरोशिमाच्या शांतता स्मारक संग्रहालयात ८ वाजून १५ मिनिटांवर थांबलेली घड्याळे आहेत. ६ ऑगस्ट १९४५ च्या सकाळी ती कोणाच्या मनगटावर किंवा खिशात होती. याच संग्रहालयात २००१ पासून एक दर्शक उभा आहे. त्याच्यावर दोन आकडे असतात: बॉम्ब पडल्याला किती दिवस झाले आणि जगातल्या शेवटच्या अणुचाचणीला किती दिवस झाले. पहिला आकडा रोज वाढत जातो. दुसरा नवी चाचणी झाली की पुन्हा शून्यापासून सुरू होतो. युद्ध आणि शांतता दोन्ही एकाच फलकावर मोजण्याची याहून प्रामाणिक रचना मनगटी घड्याळात अद्याप कोणी उतरवलेली नाही.

अलीकडच्या तीस-चाळीस वर्षांत स्मारक-घड्याळ हा व्यापाराचा एक प्रकारच झाला आहे. ठरावीक संख्या, आकडा घातलेले मागचे झाकण, लाकडी पेटी, प्रमाणपत्र. यातला सध्याचा आवडता मार्ग म्हणजे इतिहासाचा प्रत्यक्ष तुकडा घड्याळात बसवणे. इंग्लंडच्या ब्रेमाँट कंपनीने २०१२ मध्ये नेल्सनच्या ‘व्हिक्टरी’ जहाजातले ओकचे लाकूड आणि तांबे वापरून घड्याळ काढले: २५० पोलादाची, ४० गुलाबी सोन्याची. ट्रफाल्गरची लढाई २१ ऑक्टोबर १८०५ ची. जहाज १७६५ मध्ये पाण्यात उतरलेले आणि त्यानंतर इतक्या वेळा दुरुस्त झालेले की त्यातली कोणती फळी लढाईच्या दिवशी तिथे होती हे सांगणे सोपे नाही. लाकूड जहाजाचे आहे एवढे खरे. बाकीची श्रद्धा गिऱ्हाइकाची. शिवाय ट्रफाल्गरनंतर शांतता यायला दहा वर्षे आणि वॉटर्लू लागले, याची खूण त्या तबकडीवर शोधून सापडत नाही.

दुसरा मार्ग जुन्या सैनिकी घड्याळांच्या हुबेहूब नकला काढण्याचा. ब्रिटिश संरक्षण खात्याने दुसऱ्या महायुद्धासाठी बारा स्विस कंपन्यांकडून एकाच बेताची काळ्या तबकडीची घड्याळे मागवली होती. बहुतेक माल १९४५ मध्ये हाती आला, युरोपातली लढाई संपत आली असताना किंवा संपल्यावर. त्यांच्या नव्या आवृत्त्या आता निघतात. रेडियम जाऊन निरुपद्रवी चमकता रंग आला, पण तो मुद्दाम पिवळट केला जातो, जुन्या रेडियमसारखा दिसावा म्हणून. ज्या पिवळेपणासाठी कारखान्यातल्या मुली मेल्या त्याची ही नक्कल हौसेने विकत घेतली जाते. इथे स्मारक आणि पोशाख यांतली रेघ पुसट झाली आहे, आणि ती पुसट राहण्यातच विक्रेत्याचे हित आहे.

स्वतंत्र भारतात सैनिकाच्या नावाचे घड्याळ आले ते एच.एम.टी.चे. बंगळूरचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला, त्या देशाच्या शरणागतीला सोळा वर्षे झाली असताना. जनता, पायलट आणि जवान ही त्याची नावे घराघरांत पोहोचली. जवान हे चावीचे, सतरा ज्वेलचे, ठळक आकड्यांचे, काट्यांवर अंधारात चमकणारा रंग असलेले घड्याळ. खंदकातल्या घड्याळाचेच वंशज. त्याच्या तबकडीवर लढाईचे नाव नाही आणि तहाची तारीखही नाही, आणि कदाचित म्हणूनच ते सैनिकाइतकेच शिक्षकाच्या आणि एस.टी.च्या कंडक्टरच्या मनगटावर शोभले. एच.एम.टी.चा घड्याळ विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी दिली.